पेट्रोल ओव्हर झालं, गाडी स्टार्ट घेईना: नव्या चालकांनी काय करायचं, काय टाळायचं

सेल मारला की इंजिन खणखणीत फिरतंय. मधेच एखादं ‘फट्’ होतं, क्षणभर इंजिन धरल्यासारखं वाटतं आणि पुन्हा बसतं. चार-पाचदा असं झालं की नव्या चालकाचा हात चावीवरून आणि पाय रेसवरून निघत नाही. थोड्या वेळाने पेट्रोलचा वास यायला लागतो आणि पार्किंगमधले सगळे काका सल्ले द्यायला गोळा होतात. कुणी म्हणतं ‘रेस दे’, कुणी म्हणतं ‘धक्का मारू’, कुणी थेट बॅटरीच बदलायला सांगतं.

बहुतेक वेळा यात काहीही तुटलेलं नसतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालेलं असतं आणि हवा कमी पडलेली असते, एवढंच. यालाच गाडी ‘ओव्हर’ होणं म्हणतात. पेट्रोल बाहेर काढायचं आणि हवा आत जाऊ द्यायची, यापलीकडे उपाय नाही. पण त्यासाठी आधी सेल मारणं थांबवावं लागतं, आणि नेमकं तेच लोकांना जमत नाही.

खाली दिलंय ते पेट्रोल गाड्यांसाठी आहे. सीएनजी गाड्यांचा उल्लेख पुढे येईल. डिझेलला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तिथे न सुरू होण्याची कारणं वेगळी (ग्लो प्लग, लाइनमध्ये शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर) आणि हे उपाय तिथे लागू नाहीत.

सगळ्यात आधी: गाडी पाण्यातून आलीय का?

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल, किंवा रात्रभर पाण्यात उभी असेल, तर खालचं काहीही करू नका. सेल अजिबात मारू नका. एकदाही नाही.

कारण साधं आहे. इंजिनातला पिस्टन वर जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ दाबतो, ती दबते. पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तुटून ब्लॉकलाच भोक पाडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या रस्त्यावरच पाण्याखाली गेल्या. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुन्हा तेच दिसलं. अशा वेळी पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा ‘सुरू होतेय का बघू’ हीच होते, आणि वाचण्यासारखी इंजिनं तिथेच संपतात.

विम्याचाही मुद्दा आहे. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, पण पाणी शिरलेलं इंजिन फिरवल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरलं जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. म्हणून पाण्यातली गाडी असेल तर चावी बंद ठेवा, गाडी आहे तशी फोटोत टिपून ठेवा, जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, गिअर न्यूट्रलला टाकून गाडी ढकलत कोरड्यात आणा आणि टोइंगवाल्याला बोलवा. ऑटोमॅटिक असेल तर ढकलत बसू नका, फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. एअर फिल्टरचं झाकण उघडून आतला कागद ओला आहे का ते पाहिलं तर चालेल. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी खालपर्यंत पोचलंय असं समजा.

पाण्याशी संबंध नसेल तर पुढे वाचा.

ओव्हरच झालीय कशावरून?

गाडी सुरू न होण्याची कारणं अनेक असतात आणि उगाच ओव्हरचा उपाय करून बॅटरी मात्र उतरते. म्हणून आधी कान आणि नाक वापरा.

चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ किंवा ‘टकटकटक’ झालं आणि इंजिन फिरलंच नाही, तर तो बॅटरीचा, टर्मिनलचा किंवा स्टार्टरचा प्रश्न आहे. इंजिन फिरतंय पण कण्हत, हळूहळू, तरी आधी बॅटरीच बघा.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट्रोलचा वास बिलकुल नाही, मधे एकही फट् नाही, तर पेट्रोल पोचतच नसण्याची शक्यता जास्त. चावी ‘ऑन’ करा, सेल मारू नका, आणि मागच्या सीटच्या बाजूला कान द्या. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद घूंऽऽ करून थांबतो. तो आवाज आला नाही तर पंप, फ्यूज किंवा रिले. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही, इमोबिलायझरने इंजिन अडवलंय. दुसरी चावी लावून पाहा. आणि बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर बॉनेट उघडून वायरी उंदराने कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहाच. हे विनोदाने सांगत नाही, आपल्याकडच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये हे नेहमीचं आहे.

ओव्हर झालेल्या गाडीची लक्षणं वेगळी. स्टार्टर जोरात फिरतो. सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मधे मधे इंजिन पकडल्यासारखं करतं, थरथरतं, मरतं. एखाद्या वेळी मागून काळा धूर निघतो. आणि मुख्य म्हणजे, हे सगळं बऱ्याचदा सेल मारल्यानंतर किंवा गाडी थोडीशीच चालवून बंद केल्यानंतर घडलेलं असतं.

बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास खूपच उग्र असेल, किंवा गाडीखाली थेंब पडताना दिसत असतील, तर ती गळती आहे. तिथे सेलही मारायचा नाही आणि जंपर केबलही लावायची नाही. लोकांना लांब करा, सिगारेटवाल्यांना आधी, आणि मेकॅनिकला फोन करा.

आत काय होतं

द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे मिश्रण लागतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थंड भिंतींना चिकटून राहतं, म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडलं जातं. जुन्या गाडीत हे काम चोक करतो, नव्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे बघून.

हे जास्तीचं पेट्रोल पहिल्या दोन-चार फेऱ्यांत पेटलं तर प्रश्नच नाही. नाही पेटलं तर दर फेरीला आणखी येत राहतं. प्लगचं टोक भिजतं. भिजलेल्या प्लगवर ठिणगी अंतर ओलांडून उडण्याऐवजी ओल्या, काजळी धरलेल्या चिनीमातीवरून सरकत निघून जाते. ठिणगी नाही म्हणून पेट्रोल जळत नाही, जळत नाही म्हणून साठतं, साठतं म्हणून प्लग आणखी भिजतो. त्यातच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, त्यामुळे पिस्टनवरच्या रिंगांचं सीलिंग सैल पडतं आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) उतरतं. म्हणजे प्रत्येक जादा सेल गाडी सुरू होण्याची शक्यता कमी करत जातो.

इंजेक्शनची गाडी: पहिला उपाय

गेल्या वीस वर्षांत घेतलेली पेट्रोल कार असेल तर ती इंजेक्शनचीच आहे, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने इंजेक्टर पेट्रोल फवारतात, असं धरून चाला. या गाड्यांच्या ईसीयूमध्ये नेमकी याच प्रसंगासाठी सोय केलेली असते. सेल मारताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला दिसला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल येणं थांबतं, थ्रॉटल पूर्ण उघडा असल्यामुळे हवा मात्र भरपूर जाते, आणि साठलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर फेकलं जातं. बहुतेक गाड्यांत ही सोय आहे. तुमच्या गाडीत आहे का, ते मॅन्युअलच्या ‘इंजिन सुरू होत नसल्यास’ या पानावर मिळेल. ते पान आजच बघून ठेवा, पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात ते सापडत नाही.

क्रम असा:

१. चावी बंद करा. एसी, दिवे, पंखा, म्युझिक, मोबाइल चार्जर सगळं बंद. सगळी ताकद स्टार्टरला हवी आहे.

२. पाच मिनिटं नुसते थांबा.

३. हँडब्रेक ओढा. मॅन्युअल असेल तर न्यूट्रल आणि क्लच पूर्ण दाबलेला, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. हे सोडू नका, कारण पुढच्या पायरीत इंजिन सुरू होईल तेव्हा तुमचा पाय पूर्ण रेसवर असणार आहे.

४. ॲक्सिलरेटर एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा. वर-खाली नाही.

५. आता सेल मारा. पाच ते आठ सेकंद. दहाच्या वर कधीच नाही. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटेल, ते बरोबर आहे. मग एखादं-दुसरं सिलिंडर पेटायला लागतं, इंजिन अडखळत, खोकत वेग घेतं.

६. इंजिनाने वेग घेतला रे घेतला की पाय उचला. इथे चूक होते. पाय तसाच राहिला तर थंड इंजिन एकदम किंचाळतं, आणि ऑइल अजून वर पोचलेलं नसतं.

७. नाहीच घेतलं तर चावी बंद करून एक मिनिट थांबा आणि पुन्हा एकदा. असं तीनदा झालं की बास.

बटण स्टार्टच्या गाडीत थोडी कसरत आहे. ऑटोमॅटिक असेल तर डावा पाय ब्रेकवर, उजवा रेसवर तळापर्यंत, मग बटण. मॅन्युअलमध्ये डावा क्लचवर. बऱ्याच गाड्या एकदा बटण दाबलं की ठरावीक वेळ स्वतःच सेल मारतात, बटण दाबून धरायची गरज नसते. पूर्ण हायब्रिड गाडीत इंजिन कधी फिरवायचं ते गाडीच ठरवते, तिथे ही युक्ती करत बसू नका, सर्व्हिस सेंटरला फोन लावा.

या सोयीची दुसरी बाजूही माहीत असू द्या. ठणठणीत गाडी सुरू करतानाही कुणी सवयीने पेडल तळापर्यंत दाबलं तर पेट्रोल बंदच राहतं आणि गाडी सुरू होत नाही. जुन्या गाडीवर शिकलेले लोक सेल मारताना रेस देतात, आणि मग नव्या गाडीला नावं ठेवतात. इंजेक्शनच्या गाडीला सुरू करताना पाय रेसवर ठेवायचाच नाही.

कार्बोरेटरची गाडी

पद्मिनी, ॲम्बेसेडर, सुरुवातीच्या मारुती ८००. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण हौसेने सांभाळलेल्या गाड्या अजून बऱ्याच आहेत आणि त्या नव्याने घेणारेही आहेत. इथे संगणक नाही, त्यामुळे हवा-पेट्रोलचा सगळा हिशोब तुमच्या पायात आणि चोकच्या खुंटीत असतो.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. त्यात ॲक्सिलरेटर पंप असतो. तुम्ही पेडल जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा तो पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो, इंजिन बंद असलं तरी. चोक ओढून, सात-आठ वेळा पेडल हाणून मग सेल मारणारा माणूस गाडी स्वतःच्या पायाने ओव्हर करत असतो.

उपाय: चोक पूर्ण आत ढकला. पेडल एकदाच, सावकाश तळापर्यंत दाबून धरा. सावकाश अशासाठी की पिचकारी कमीत कमी बसावी, आणि एकदाच अशासाठी की दुसरी बसूच नये. सेल पाच ते दहा सेकंद. इंजिन धरलं की पाय हळूहळू सोडा.

नाही झालं तर बॉनेट उघडा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची चोकची पाकळी बघा. खुंटी आत ढकलली तरी केबल अडकून पाकळी बंदच राहिलेली असते, हे फार वेळा होतं. बोटाने सरळ करा. आत पेट्रोलचं तळं दिसत असेल, किंवा वरून गळत असेल, तर फ्लोट चेंबरमधली (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातली) पेट्रोल अडवणारी सुई अडकली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर बाहेरून हलकेच टकटक करा, कचरा असेल तर सुई बसते. परत परत व्हायला लागलं तर कार्बोरेटर उघडून साफ करणं आलं. झाकण काढलेलं असताना सेल मारायची वेळ आली तर तोंड आणि हात कार्बोरेटरपासून लांब. बॅकफायर झाला की ज्वाळा तिथूनच वर येते.

थांबणं

तीन प्रयत्न झाले आणि गाडी बसूनच आहे. आता चावी खिशात टाका आणि वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास, बाजूला व्हा. बॉनेट उघडं ठेवा. सिलिंडरमधलं पेट्रोल हळूहळू उडतं, काही रिंगांवरून खाली झिरपतं, प्लग थोडे कोरडे होतात. नाशिक-निफाडच्या डिसेंबरमध्ये याला जास्त वेळ लागतो, मे महिन्यातल्या नागपुरात कमी.

हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. चहा घेऊन यायच्या वेळात जे आपोआप होतं, त्यासाठी लोक बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही घालवतात. छोट्या पेट्रोल कारचा स्टार्टरही सेल मारताना शंभर-दोनशे ॲम्पिअर ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून दहाच्या आसपास ओढतात, यावरून अंदाज घ्या.

परत आल्यावर आधी पाय रेसवरून पूर्ण काढून, नेहमीसारखा एकदा सेल मारून बघा. नाही घेतली तर पेडल तळाला दाबून पुन्हा वरचीच पद्धत.

प्लग काढून पुसणं

इथून पुढे हात काळे करायची तयारी हवी. नसेल तर मेकॅनिकला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

इंजिन थंड असू द्या. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. लागतील त्या वस्तू: प्लग पाना (नव्या बऱ्याच गाड्यांना १६ मिमी, जुन्यांना २१ मिमी), लांब एक्स्टेन्शन, कॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाच्या) बोल्टसाठी बहुतेक ठिकाणी १० मिमी पाना, कोरडं सुती फडकं.

आधी फ्यूज बॉक्समधून फ्यूएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. मग कॉइलचे कनेक्टर सोडवा. लॉक दाबून ओढायचे असतात, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, जोर लावला की तुटतं. कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा. जुन्या गाडीत एचटी वायरी (प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड वायरी) असतील तर कोणती कुठली ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, अदलाबदल झाली तर गाडी सुरू होणारच नाही.

प्लग सोडवायच्या आधी प्लगच्या खळग्यात फुंकर मारा, सायकलचा पंप असेल तर उत्तम. तिथे खडीची चुरी आणि वाळलेली पानं साठलेली असतात, प्लग निघाला की ते थेट सिलिंडरमध्ये पडतं. मग प्लग काढा आणि ओळीने ठेवा, पहिला पहिल्या जागी. किती निघतील ते गाडीवर आहे. २००३ च्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत, तिथे अर्धेच पुसून झाकण लावू नका.

आता प्लगच्या टोकाकडे नीट बघा. ओला, चकाकणारा आणि पेट्रोलचा वास असलेला म्हणजे ओव्हर, निदान पक्कं झालं. कोरडी, मऊ, काळी काजळी म्हणजे गाडी बरेच दिवस जास्त पेट्रोल खातेय. ओला पण चिकट आणि वास ऑइलचा, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा विचार करा. फिकट तपकिरी, कोरडा असेल तर प्लग ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा.

फडक्याने पुसा आणि वाऱ्यावर वाळू द्या. साधा प्लग असेल तर मऊ पितळी ब्रशने काजळी काढता येते. इरिडियमच्या प्लगला ब्रश लावू नका, त्याचं टोक फार बारीक असतं. आणि गॅसच्या शेगडीवर प्लग तापवणं हा प्रकार करूच नका. घरात पेट्रोलने भिजलेली वस्तू आणि पेटती शेगडी एकत्र आणण्याइतकी घाई कुणालाच नसते.

प्लग बाहेर असतानाच, पंपाचा फ्यूज काढलेला आणि सगळ्या कॉइल सुटलेल्या आहेत याची पुन्हा खात्री करून, तीन-चार सेकंद सेल मारा. भोकांतून पेट्रोलचे तुषार उडतात. समोर कुणी वाकलेलं नको, आसपास ठिणगी नको, बंद तळघर नको. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल फारच धुतलं गेलं असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये छोटा चमचाभर इंजिन ऑइल टाकल्याने कॉम्प्रेशन परत येतं. सुरू झाल्यावर थोडा निळसर धूर निघेल, तो जातो.

बसवताना प्लग आधी पान्याशिवाय, हाताच्या बोटांनी आट्यांत घाला. सहज फिरला तरच पुढे जा. पूर्ण टेकल्यावर नवा प्लग साधारण अर्धी फेरी, जुनाच परत बसवत असाल तर अगदी थोडासा आवळा. कॉइल, कनेक्टर, शेवटी फ्यूज.

धक्का आणि जंपर

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला धक्का मारायला हरकत नाही. इंजेक्शनच्या गाडीला ओव्हर असताना धक्का मारू नका. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं आणि मग इंजिन पेटलं की ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. तो बदलायचा खर्च ऐकला की धक्का मारणारे सगळे मित्र घरी जातात. ऑटोमॅटिक तर धक्क्याने सुरू होतच नाही.

बॅटरी उतरली असेल आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेला असेल, तरच जंपर केबल. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी त्या शेवटच्या टोकालाच उडते. काढताना याच्या बरोबर उलटा क्रम.

सुरू झाल्यावर

काळा धूर निघेल, इंजिन थोडं लंगडेल. एक-दोन मिनिटं हलकी रेस धरा, दीड ते दोन हजार आरपीएम, त्याहून वर नाही. हे बंद तळघरात करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. गाडी शक्यतो आधीच उघड्यावर ढकलून आणा.

चेक इंजिनचा दिवा स्थिर लागून राहिला तर गाडी चालवून गॅरेजला नेता येते. लुकलुकत असेल तर एखादं सिलिंडर पेटत नाहीये आणि कन्व्हर्टर तापतोय, गाडी बंद करा.

सगळं नीट वाटलं की पंधरा-वीस मिनिटं सलग चालवून आणा. ऑइलमध्ये झिरपलेलं पेट्रोल गरम झाल्यावर उडून जातं. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास ठळक असेल किंवा पातळी वर आली असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना वाचवत नाही.

मुळात झालं कशामुळे?

सगळ्यात नेहमीचं कारण पार्किंग आहे. ‘गाडी जरा मागे घ्या’ म्हणून थंड गाडी सुरू केली, दहा फूट सरकवली आणि लगेच बंद केली. इंजिन थंड म्हणून पेट्रोल भरपूर आलेलं, आणि ते जाळायला वेळच मिळाला नाही. तासाभराने सुरू करायला गेलात की प्लग ओले. असं सरकवायची वेळ आली तर मॅन्युअल गाडी सरळ न्यूट्रलला टाकून ढकला. सुरू केलीच तर दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या.

सीएनजीवाल्यांचं दुखणं वेगळं. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात (काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात). पेट्रोल महाग म्हणून टाकीत कायम दोन-तीन लिटर, तेही महिनोन्महिने तेच. पेट्रोलमधले लवकर उडणारे घटक निघून जातात, उरलेलं सहज पेट घेत नाही, इंजेक्टरवर राळ धरते आणि ते नीट बंद होत नाहीत. आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकी तळाला ठेवू नका.

तिसरं, जुने प्लग आणि गुदमरलेला एअर फिल्टर. चौथं, कूलंट टेंपरेचर सेन्सर. तो बिघडून ‘इंजिन थंडच आहे’ असं सांगत राहिला तर ईसीयू गरम इंजिनातही पेट्रोल ओतत राहतो. गाडी सकाळी नीट घेते आणि पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबल्यावर घेत नाही, मायलेजही पडलंय, तर आधी हा सेन्सर आणि गळका इंजेक्टर तपासायला सांगा.

एकदाच झालं असेल तर विसरून जा. महिन्यात दुसऱ्यांदा झालं तर गॅरेजला जा आणि ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगून थांबू नका. इंजिन थंड होतं की गरम, आधीच्या वेळी किती वेळ चालवून बंद केली होती, वास कुठे येत होता, धुराचा रंग काय, कोणता दिवा लागला, प्लग शेवटचे कधी बदलले, एवढं सांगा. आणि गाडी नेण्याआधी बॅटरीची वायर काढू नका, नाहीतर ईसीयूमध्ये नोंदलेले फॉल्ट कोड पुसले जाऊ शकतात आणि मेकॅनिकला स्कॅनर लावून काहीच सापडत नाही.